विद्यार्थी संघटना स्वतंत्र काढावी की पक्षाच्या आघाडीत जावे?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत थोडक्यात मांडतो. तुम्ही राज्यातील एका सार्वजनिक विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गात शिकता. रखडलेल्या निकालासाठी तुम्ही दहा-बारा जणांनी पाठपुरावा केला आणि त्याला यश आले. त्यानंतर दोन मोठ्या राजकीय पक्षांच्या विद्यार्थी आघाड्यांनी तुम्हाला पदे देऊ केली आहेत. तुमच्यातील काहींना मात्र आपलाच स्वतंत्र विद्यार्थी पक्ष काढून विद्यापीठाच्या निवडणुका लढवाव्यात असे वाटते. शेवटी तुम्ही विचारले आहे की निवडणुकाच होत नसतील तर या सगळ्याचा उपयोग काय.

मी विद्यार्थीदशेत एका संघटनेचे काम केले, पुढे पदवीधर मतदारसंघातून विद्यापीठाच्या अधिसभेवर, म्हणजे सिनेटवर होतो आणि आजही जिल्ह्याच्या ठिकाणी मुलामुलींचे अभ्यासवर्ग घेतो. या कामातून माझे असे मत झाले आहे की पक्षात जावे की स्वतंत्र राहावे हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा आहे की आज पुढे असलेले तुमच्यातील चार जण दोन वर्षांनी उत्तीर्ण होऊन निघून गेले, की एखाद्या विद्यार्थ्याची तक्रार घ्यायला तिथे कोण असेल आणि त्या वेळी संघटनेचे निर्णय कोण घेत असेल. बहुतेक विद्यार्थी संघटना विरोधकांमुळे संपत नाहीत, त्या शेवटच्या सत्राच्या परीक्षेनंतर संपतात. त्यामुळे नाव, झेंडा आणि संलग्नता यांचा विचार या प्रश्नाच्या उजेडात केला तर निर्णय बराच सोपा होतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमचे महाविद्यालय अनुदानित असेल, तर शिक्षक, कार्यालय आणि विद्यापीठ यांच्याशी तुमचा व्यवहार एका प्रकारचा असेल. ते विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालय असेल आणि संस्थाचालकच तालुक्याचे पुढारी असतील, तर अंतर्गत गुणांचा आणि प्रात्यक्षिकांचा धाक तुमच्या सहकाऱ्यांवर कायम राहील आणि तो धाक खोटा नसतो. वसतिगृहात राहणाऱ्या मुलांचे प्रश्न वेगळे आणि रोज एसटीने ये-जा करणाऱ्यांचे वेगळे. तुमच्या भागात आधीपासून प्रामाणिकपणे काम करणारी एखादी संघटना असेल, तर नवी काढण्याआधी तिच्याशी बोलणे मला योग्य वाटते. हे सगळे मला इथून दिसत नाही, म्हणून पुढचे विवेचन वाचताना आपल्या महाविद्यालयाला काय लागू पडते ते तुम्हीच ठरवावे.

आता निवडणुकांविषयी. महाराष्ट्रात महाविद्यालयीन निवडणुका एकेकाळी थेट होत असत आणि त्यांतील हाणामाऱ्यांमुळे त्या बदनामही झाल्या. १९८९ साली मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला, त्यानंतर वातावरण पालटले आणि १९९४ च्या विद्यापीठ अधिनियमाने थेट निवडणुकांऐवजी गुणवत्तेच्या आधारे वर्गप्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. पुढे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ आला, १ मार्च २०१७ पासून तो लागू झाला आणि त्याच्या कलम ९९ ने थेट निवडणुका पुन्हा कायद्यात आणल्या. त्यानुसार महाविद्यालयातील अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि राखीव प्रवर्गांतून आळीपाळीने एक प्रतिनिधी सर्व पूर्णवेळ विद्यार्थ्यांनी मतदानाने निवडायचे असतात, प्रत्येक वर्ग आपला प्रतिनिधी निवडतो, आणि राष्ट्रीय सेवा योजना, छात्रसेना, क्रीडा व सांस्कृतिक विभागांचे प्रतिनिधी प्राचार्य नेमतात. विद्यापीठ पातळीवरची विद्यार्थी परिषद मात्र सर्व विद्यार्थ्यांच्या थेट मतदानाने होत नाही, तर निवडून आलेले पदाधिकारी तिचे मतदार असतात, आणि तिचा अध्यक्ष विद्यापीठाच्या अधिसभेवर बसतो.

कायदा असा असूनही त्याची अंमलबजावणी अडकून राहिली. २०१९ साली वेळापत्रक जाहीर झाले होते, पण विधानसभेची निवडणूक तोंडावर आली म्हणून ते पुढे ढकलले गेले, आणि नंतर करोनाची साथ आली. मंत्र्यांची आश्वासने अधूनमधून येत राहतात. मला या दिरंगाईचे मनापासून वाईट वाटते, कारण अठराव्या वर्षी विधानसभेला मत देणाऱ्या मुलीला स्वतःच्या महाविद्यालयाचा सचिव निवडता येऊ नये याचे कोणतेही समर्थन मला पटत नाही. पण संघटनेचा पाया तुम्ही निवडणुकीवर रचू नये. निवडणूक लागली तर तयारी असावी, लागली नाही तरी काम थांबू नये, अशी रचना करावी.

तयारी म्हणजे काय, तेही सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये लागू केलेल्या, विद्यार्थी निवडणुकांविषयीच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी तुमच्या गटातील प्रत्येकाने वाचाव्यात. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी वय १७ ते २२, पदव्युत्तरसाठी २४-२५, संशोधकांसाठी २८ पर्यंत, किमान ७५ टक्के उपस्थिती, विषय राहिलेले नसणे, फौजदारी शिक्षा किंवा विद्यापीठाची शिस्तभंगाची कारवाई झालेली नसणे, उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांच्या आत, छापील पोस्टरऐवजी हाताने केलेली पोस्टर, पदाधिकारी म्हणून एकच संधी, आणि राजकीय पक्षांचा पैसा व हस्तक्षेप नको, अशा त्या अटी आहेत. राज्याच्या परिनियमांतील, म्हणजे विद्यापीठ कायद्याखालील नियमांतील अटी त्याहून वेगळ्या असू शकतात, त्या स्वतंत्रपणे पाहाव्यात. यावरून एक गोष्ट लक्षात येते. मोठ्या पक्षाचा झेंडा घेऊन लढता येईल या आशेने आघाडीत जाणाऱ्याला निवडणुकीच्या काळात तो झेंडा उघडपणे वापरण्याची मुभाच फारशी नाही. आणि तुमच्या गटातील जो सर्वांत धडाडीचा आहे, त्याची उपस्थिती कमी असेल किंवा विषय राहिले असतील, तर तो उमेदवार होऊ शकणार नाही. आमच्या अभ्यासवर्गांत मी पहिल्या दिवशी हेच विचारतो की किती जणांचे सगळे विषय सुटले आहेत.

‘विद्यार्थी पक्ष’ काढण्याबद्दल तुमच्या मित्रांचा थोडा गैरसमज दिसतो. राजकीय पक्षाची नोंदणी निवडणूक आयोगाकडे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम २९अ खाली होते आणि तिचा विद्यापीठाच्या निवडणुकांशी संबंध नाही. विद्यार्थ्यांची संघटना ही कायद्याच्या दृष्टीने केवळ व्यक्तींचा समूह असते. हवे असल्यास सात सभासद मिळून संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी करता येते, पण मग दरवर्षीचे लेखापरीक्षण, पदाधिकारी बदलल्याची नोंद करणारे बदल अर्ज आणि पदाधिकाऱ्यांच्या सह्या यांचे ओझे येते, आणि सह्या करणारे सगळे दोन वर्षांत पांगतात. सुरुवातीला नोंदणी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. दोन पानांची लेखी घटना, सभासदांची यादी आणि इतिवृत्ताची वही एवढे पहिल्या दोन वर्षांना पुरते.

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे उदाहरण तुमच्या एका मित्राने दिल्याचे तुम्ही लिहिले आहे. ते उदाहरण चांगले आहे, पण ते पूर्ण समजून घ्यावे लागेल. तिथे २०१४ साली बिरसा-आंबेडकर-फुले विद्यार्थी संघटना, म्हणजे बापसा, कोणत्याही राजकीय पक्षाची आघाडी न होता सुरू झाली. तिथल्या विद्यार्थी संघाच्या २०१६ च्या निवडणुकीत नागपूरचा राहुल सोनपिंपळे हा तिचा अध्यक्षपदाचा उमेदवार दुसऱ्या क्रमांकावर राहिला, आणि २०२४ मध्ये या संघटनेने सरचिटणीसपद जिंकले. पक्षाच्या आधाराशिवाय संघटना उभी राहते आणि टिकते याचा हा पुरावा आहे, पण विद्यार्थी संघाच्या मध्यवर्ती समितीतील पहिले पद मिळायला सुमारे दहा वर्षे लागली हेही त्यातच आले. शिवाय तिथे बहुसंख्य विद्यार्थी एकाच आवारात राहतात, रात्री भोजनगृहात सभा होतात, आणि निवडणुकीचे काम विद्यार्थ्यांचाच निवडणूक आयोग पाहतो.

आपली विद्यापीठे संलग्नता देणारी आहेत. मुंबई विद्यापीठाचे क्षेत्र मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरले आहे, पुण्याच्या विद्यापीठात पुण्याबरोबर नाशिक आणि अहिल्यानगर जिल्हे येतात, आणि विद्यार्थी शेकडो महाविद्यालयांत विखुरलेले असतात. त्यातील बहुतेकांनी विद्यापीठाची इमारत पाहिलेलीही नसते. म्हणून आपल्याकडे संघटनेचे एकक महाविद्यालय हेच असते. विद्यापीठाच्या नावाची कार्यकारिणी जाहीर करून, तिला बारा उपाध्यक्ष देऊन, एकाही महाविद्यालयात शाखा नसलेल्या संघटना मी पुष्कळ पाहिल्या आहेत. तुम्ही आधी आपल्या महाविद्यालयात आणि मग बसने पोहोचता येईल अशा दोन महाविद्यालयांत उभे राहावे.

उभे राहण्याचे साधन म्हणजे तक्रारींची वही. मी हे थोडे तपशिलाने सांगतो, कारण संघटनेची खरी ताकद इथे तयार होते. लांब आकाराची, पानांवर क्रमांक घातलेली एक वही घ्यावी आणि त्यात दिनांक, विद्यार्थ्याचे नाव, वर्ग, आसन क्रमांक, तक्रार, अर्ज कुणाकडे दिला, आवक क्रमांक, पुन्हा जाण्याची तारीख आणि शेवट काय झाला एवढे रकाने आखावेत. निवेदन देताना कुलगुरूंबरोबर काढलेले छायाचित्र समाजमाध्यमांवर चांगले दिसते, पण तिसऱ्या महिन्यात कामाला येतो तो आवक क्रमांक. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात, आवक-जावक विभागाच्या टेबलावर एक द्यावी आणि दुसरीवर शिक्का, क्रमांक व तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नये. लिपिक म्हणतील, ठेवून जा, साहेब आले की देतो. त्या वेळी न रागावता, हातातला कागद पुढे धरून, पोच तेवढी द्या असे म्हणून उभे राहणे हे कार्यकर्त्याचे पहिले प्रशिक्षण आहे.

एका मुलीच्या गुणपत्रिकेत अंतर्गत गुणांच्या रकान्यात ‘अनुपस्थित’ असे छापून आले होते. तिने चाचणी दिली होती, प्रकल्पही सादर केला होता. महाविद्यालय म्हणे, आम्ही गुण भरले आहेत. विद्यापीठ म्हणे, आमच्याकडे आलेले नाहीत. अशा वेळी घोषणा देऊन काही होत नाही. आम्ही महाविद्यालयाच्या परीक्षा विभागातून गुण भरल्याच्या यादीची प्रत मिळवली, तिच्यावरची तारीख पाहिली आणि ती मुदतीनंतरची निघाली. मग वहीतील जुनी पाने उलटली, तेव्हा त्याच विषयाच्या आणखी काही मुलांच्या तक्रारी सापडल्या, ज्या वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कार्यकर्त्यांकडे आल्या होत्या. एका विद्यार्थिनीची अडचण ही पूर्ण वर्गाची अडचण आहे हे त्या वहीमुळे कळले, प्राचार्यांकडून चुकीची कबुली देणारे पत्र घेता आले, आणि परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांपुढे सगळी प्रकरणे एकाच अर्जाने ठेवता आली. गुण दुरुस्त झाले. त्या वर्गातील मुले पुढे संघटनेची सभासद झाली, आणि त्यांना सभासद करून घेण्यासाठी कुणाला भाषण द्यावे लागले नाही.

वैयक्तिक तक्रारीपासून सार्वजनिक प्रश्नाकडे जाताना कायद्याचा आधार हाताशी असावा. निकालांबाबत २०१६ च्या अधिनियमाचे म्हणणे स्पष्ट आहे: परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत निकाल लागला पाहिजे. २०१७ साली मुंबई विद्यापीठात उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत घाईने आणली गेली, उन्हाळी परीक्षांचे निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले, असंख्य मुलांचे पुढील प्रवेश अडचणीत आले, आणि अखेर ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी, म्हणजे राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. त्या सगळ्या काळात विद्यार्थी संघटनांच्या हातातील सर्वांत भक्कम मुद्दा कायद्यातील त्या दिवसांच्या मर्यादेचाच होता. तुमचा स्वतःचा लढाही निकालाचाच होता, म्हणून हे तुम्हाला लगेच उमगेल.

माहितीचा अधिकारही नीट वापरायला शिकावे. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची. विद्यार्थी विकासाच्या नावाखाली प्रत्येकाकडून जे शुल्क घेतले जाते ते गेल्या वर्षी कोणत्या कामावर खर्च झाले, असा एक साधा अर्ज चार मोर्चांइतका उपयोगी पडतो. स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली मान्य केलेला आहे. तक्रार निवारणासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२३ चे विनियम आहेत, त्यांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीने साधारण १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि समाधान झाले नाही तर विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालाकडे जाता येते. अनेक महाविद्यालयांत ही समिती फक्त माहितीपत्रकात असते. तिच्या सदस्यांची नावे दर्शनी फलकावर लावून घेणे हा तुमचा पहिला विजय ठरू शकतो.

तुमच्या प्रश्नात अधिसभेचा उल्लेख नाही, आणि माझ्या मते तिथेच सर्वांत मोठी संधी आहे. विद्यार्थी परिषदेच्या निवडणुका थांबल्या तरी अधिसभेच्या पदवीधर गटाच्या निवडणुका होतात. त्यात नोंदणीकृत पदवीधरांतून दहा सदस्य निवडले जातात आणि त्यांपैकी पाच जागा अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त व भटक्या जमाती, इतर मागास वर्ग आणि महिला यांच्यासाठी राखीव असतात. मुंबई विद्यापीठात २०१८ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२४ मध्ये शिवसेनेच्या (२०२४ मध्ये ठाकरे गटाच्या) युवासेनेने दहाच्या दहा जागा जिंकल्या. तो विजय कुणाला आवडो वा न आवडो, त्यामागचे काम शिकण्यासारखे आहे, कारण या निवडणुकीचा निकाल मतदानाच्या दिवसापेक्षा पदवीधरांच्या नोंदणीच्या महिन्यांत ठरतो. नोंदणी नसलेल्या पदवीधराला मत नाही, आणि नोंदणीसाठी अर्ज, पदवी प्रमाणपत्र, रहिवासाचा पुरावा हे सगळे कुणीतरी घरोघर जाऊन गोळा करावे लागते. तुम्ही पदव्युत्तर वर्गात आहात. पदवी याच विद्यापीठाची असेल, तर पुढची नोंदणी सुरू होताच अटी पाहून स्वतःचे आणि वर्गमित्रांचे अर्ज भरावेत.

अधिसभेवर आपला माणूस नसला तरी तिचा उपयोग करता येतो. सदस्याला मुदतीत लेखी प्रश्न देता येतो आणि विद्यापीठाला त्याचे लेखी उत्तर द्यावे लागते. अर्थसंकल्पाच्या मार्चमधील बैठकीच्या आधी सदस्य चांगल्या, पुराव्यासह तयार केलेल्या प्रश्नांच्या शोधात असतात, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो. माझ्याकडे संतप्त मुले पुष्कळ येत, पण आवक क्रमांकांची यादी घेऊन येणारी थोडी असत, आणि ज्यांच्याकडे यादी असे त्यांचाच प्रश्न मी आधी देत असे.

आता संलग्नतेकडे येतो. मोठ्या पक्षाच्या किंवा जुन्या राष्ट्रीय संघटनेच्या छत्राखाली जाण्याचे फायदे खरे आहेत आणि ते मी नाकारणार नाही. तिथे वकील मिळतो, बसायला कार्यालय मिळते, पोलिसांनी ताब्यात घेतले तर फोन करायला कुणीतरी असते, आणि तुम्ही गेल्यानंतर शाखा एकदम पोरकी होत नाही. अखिल भारतीय विद्यार्थी फेडरेशन १९३६ पासून, अखिल भारतीय विद्यार्थी परिषद १९४९ पासून, स्टुडंट्स फेडरेशन (एसएफआय) आणि काँग्रेसची एनएसयूआय या १९७० च्या आसपासपासून टिकून आहेत, याचे मोठे कारण त्यांच्यामागे असलेली वैचारिक किंवा पक्षीय यंत्रणा हेच आहे. ज्या विचाराशी तुमची बांधिलकी मनापासून आहे, अशा संघटनेत जाण्यात काहीही कमीपणा नाही.

अडचण तेव्हा येते, जेव्हा विद्यार्थ्यांचे हित आणि पक्षाची सोय वेगळ्या दिशांना जातात, आणि तशी वेळ येतेच. पक्ष सत्तेत असतो तेव्हा शुल्कवाढीविरुद्धचे आंदोलन थोडे थांबवा असा निरोप येतो, विरोधात असतो तेव्हा चर्चेने सुटणारा प्रश्नही चिघळवा असा. ज्या संस्थेविरुद्ध तक्रार आहे तिचा चालक पक्षाचाच आमदार निघतो. विद्यापीठाच्या अर्जांपेक्षा नेत्याच्या वाढदिवसाचे फलक जास्त महत्त्वाचे होतात, आणि परीक्षेच्या आठवड्यात कार्यकर्त्यांना प्रचारासाठी बोलावले जाते. हे सगळ्याच पक्षांत कमी-अधिक घडते, म्हणून मी कोणत्याही एकाकडे बोट दाखवत नाही.

यासाठी माझा सल्ला असा की दोन्ही आघाड्यांच्या जिल्हा पदाधिकाऱ्यांना भेटून पदाविषयी बोलण्याआधी काही गोष्टी सरळ विचाराव्यात. आमच्या महाविद्यालयातील प्रश्नावर आंदोलन करायचे की नाही हे आम्ही ठरवू की तुम्ही? शाखेचा अध्यक्ष सभासद निवडतील की वरून नियुक्तीपत्र येईल? पक्षाच्या लोकांच्या संस्थेविरुद्ध तक्रार आली तर आम्ही ती घ्यायची का? मागील पाच वर्षांत तुमच्या आघाडीने या विद्यापीठात चालवलेल्या एखाद्या प्रकरणाचे कागद दाखवाल का? उत्तरे मोकळेपणाने मिळाली तर त्या संघटनेचा विचार जरूर करावा. उत्तराऐवजी थेट पद आणि ओळखपत्र पुढे केले गेले, तर त्यातून काय समजायचे ते तुम्हाला समजेल.

पैशाच्या बाबतीत मी कठोर आहे. वर्गणी थोडी असावी, पण ती सभासदांकडूनच यावी आणि प्रत्येक रुपयाला पावती असावी. कुणा एकाच्या मोबाइल क्रमांकावर पैसे मागवण्याची पद्धत सोयीची वाटते, पण पहिला संशय तिथेच जन्माला येतो आणि मैत्रीही जाते. बँकेत दोघांच्या सह्यांचे संयुक्त खाते उघडावे, दर महिन्याचा हिशेब वर्गमित्रांच्या गटावर टाकावा. नगरसेवकाने दिलेला फ्लेक्स, संस्थाचालकाने दिलेली गाडी, शिकवणीवर्गाच्या मालकाने दिलेले टी-शर्ट यांना नम्रपणे नकार द्यावा, कारण पुढच्याच वर्षी त्यांच्यापैकी एखाद्याविरुद्ध तक्रार तुमच्या वहीत येऊ शकते.

पोलिसांत गुन्हा दाखल होण्याविषयी घरच्यांना जी भीती वाटते, ती हसण्यावारी नेऊ नये. तुमच्यातील अनेक जण स्पर्धा परीक्षांची तयारी करत असतील. शहरात जमावबंदीचा आदेश लागू असताना विनापरवाना मोर्चा काढला तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ व १३५ खाली गुन्हा नोंदला जाऊ शकतो, आणि पुढे चारित्र्य पडताळणीच्या अर्जात तो लिहावा लागतो. तो लपवला तर गुन्ह्यापेक्षा लपवणे महागात पडते. याचा अर्थ आंदोलन करू नये असा होत नाही. ठिय्या, धरणे, निदर्शने ही लोकशाहीची साधने आहेत आणि वेळ आली की मी त्यांच्या बाजूने उभा राहतो. पण आंदोलनाआधी पोलीस ठाण्यात लेखी पत्र द्यावे, त्याचीही पोच घ्यावी, आणि कोण पुढे बसणार हे प्रत्येकाने स्वतः, घरी सांगून ठरवावे. संपूर्ण माहिती न देता कोवळ्या मुलांना पुढे करणारा नेता मला मान्य नाही.

जातीचा प्रश्न आपण टाळू नये. जिल्ह्याच्या महाविद्यालयांत पॅनेल बहुधा मित्रांच्या टोळीतून तयार होते आणि ती टोळी बहुधा एकाच गावाची, एकाच जातीची असते. कुणी ठरवून हे करते असे नाही, पण परिणाम तोच होतो. तुमच्या दहा-बारा जणांची नावे एका कागदावर लिहून पाहावीत, की शिष्यवृत्तीवर शिकणारे त्यात किती आहेत, मुली किती आहेत, भाषेमुळे वर्गात मागे बसणारे आदिवासी पाड्यांवरचे किंवा उर्दू माध्यमातून आलेले किती आहेत. शिष्यवृत्तीचे प्रश्न महाडीबीटीच्या संकेतस्थळावर अडकलेल्या मुलांनाच नीट माहीत असतात. २०२४ च्या जुलैत शासनाने आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय काढला. तो महाविद्यालयाच्या खिडकीवर प्रत्यक्ष पाळला जातो की नाही, हे त्या मुली तुमच्या बैठकीत असल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही. आणि बैठक संध्याकाळी सातला चहाच्या टपरीवर ठेवली तर त्या येणार नाहीत, कारण शेवटची एसटी त्याआधी गेलेली असते आणि वसतिगृहाचे फाटकही बंद होत आलेले असते. बैठक दुपारी, दोन तासिकांच्या मध्ये, महाविद्यालयाच्या आवारातच ठेवावी.

पहिल्या प्रश्नाकडे पुन्हा यायचे, तर विद्यार्थ्यांची चळवळ पिढ्या ओलांडून कशी चालते याचे आपल्याकडचे मोठे उदाहरण मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे आहे. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी ठराव केला आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. त्या काळात दलित वस्त्यांवर अत्याचार झाले, लाँग मार्च निघाला, माणसांनी प्राण दिले. त्या साडेपंधरा वर्षांत विद्यार्थ्यांच्या पाच-सहा तुकड्या पदवी घेऊन बाहेर पडल्या, तरी प्रत्येक तुकडीने पुढच्या तुकडीच्या हातात काम दिले. तुमचे प्रश्न आकाराने लहान असतील, पण ही पद्धत तुम्हालाही लागेल. म्हणून घटनेत असे लिहावे की अंतिम वर्षाचा विद्यार्थी अध्यक्ष किंवा सचिव होणार नाही, तो फक्त सल्लागार राहील, आणि प्रत्येक पदाधिकाऱ्याबरोबर प्रथम वर्षाचा एक विद्यार्थी सहायक म्हणून काम शिकेल. या नियमाने तुमच्यातील काहींची आजची पदे जातील. ते स्वीकारायला जड जाईल, हे मला ठाऊक आहे.

एवढ्या सगळ्यावरून तुमच्या बाबतीत मी काय करेन ते सांगतो. एक पूर्ण शैक्षणिक वर्ष कोणत्याही आघाडीचे पद घेणार नाही, पण दोन्हींशी संबंध चांगले ठेवीन. साधे नाव घेऊन, दोन पानांची घटना करून, आपल्या महाविद्यालयात तक्रारींची वही सुरू करीन आणि शेजारच्या दोन महाविद्यालयांत प्रत्येकी तीन सहकारी शोधीन. निकालाच्या लढ्याचे सगळे कागद एका फायलीत तारखेनुसार लावीन, कारण ती तुमची पहिली शिदोरी आहे. वर्षअखेरीस सर्व सभासदांची बैठक बोलावून, वहीतील कामाचा हिशेब समोर ठेवून, संलग्नतेचा निर्णय गुप्त मतदानाने घ्यावा, आणि त्या बैठकीत प्रथम वर्षाच्या मुलामुलींनाही मत असावे. घटनेचा मसुदा तयार झाला की नावे वगळून इथे टाकावा, मी कलमवार वाचून माझ्या सूचना लिहीन. सभासदत्व कुणी रद्द करायचे आणि खात्यावर सह्या कुणाच्या, ही दोन कलमे मात्र आधी लिहून काढावीत.